बिलिरुबिन २.४, मग किमोचा डोस किती?

किमोच्या आदल्या दिवशी आलेला एक रिपोर्ट समोर ठेवू. एकूण बिलिरुबिन २.४, त्यात डायरेक्ट (यकृताने विरघळण्याजोगं केलेलं) ०.३, म्हणजे इनडायरेक्ट (अजून तसं न केलेलं) २.१. एसजीपीटी २२, एसजीओटी २४, अल्कलाइन फॉस्फेटेज ७८, अल्ब्युमिन ४.२, हिमोग्लोबिन १३.१. सगळं जागच्या जागी, फक्त बिलिरुबिनच्या आकड्यापुढे लॅबने ठळक खूण केलेली.

या एकाच रिपोर्टवरून दोन उलट्या चुका होतात. पेशंटला डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध द्यायचं असेल, तर ‘लिव्हर बिघडलंय’ म्हणून डोस विनाकारण निम्मा केला जातो. आयरिनोटेकान द्यायचं असेल, तर ‘काही नाही हो, जन्मजात आहे, निरुपद्रवी असतं’ म्हणून पूर्ण डोस जातो आणि दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. आकडा दोन्ही वेळा तोच आणि यकृतही तेच. फरक एवढाच, की कोणतं औषध यकृतातल्या कोणत्या वाटेने बाहेर पडतं. आनुवंशिक यकृतविकार आणि किमो यांचा सगळा हिशोब या वाटांचा आहे, ‘लिव्हर चांगलं की वाईट’ या प्रश्नाचा नाही.

वरचा रिपोर्ट आहे गिल्बर्ट सिंड्रोमचा. फ्रेंच डॉक्टर ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. शंभरात तीन ते दहा लोकांना तो असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तातून बाहेर जातं. हे जोडकाम करणारं एन्झाइम म्हणजे यूजीटी१ए१. त्याच्या जनुकाच्या सुरुवातीला ‘टीए’ ही डीएनएच्या अक्षरांची जोडी साधारणपणे सहा वेळा येते, गिल्बर्टमध्ये सात वेळा. या प्रकाराला *२८ म्हणतात. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही प्रती *२८ आल्या, तर एन्झाइम नेहमीच्या सुमारे तीस टक्क्यांवर येतं. यकृताच्या पेशी धडधाकट, पित्त वाहतंय, फक्त या एका टेबलावर माणसं कमी.

उपास, ताप, उलट्या, शरीरातलं पाणी कमी होणं, जागरण यांपैकी काहीही झालं की बिलिरुबिन वर जातं. बहुतेकदा ते ३ च्या आत राहतं, कधी त्याच्याही वर जातं. किमोच्या पेशंटच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण मागच्या सायकलनंतर (किमोच्या फेरीनंतर) चार दिवस पोटात काही टिकलेलं नसतं आणि नेमका तेव्हाच रक्ताचा नमुना घेतला जातो. १.६ चं २.९ होतं आणि सायकल पुढे ढकलली जाते. अशा वेळी पोटभर खाऊन, पाणी पिऊन एक-दोन दिवसांनी नमुना पुन्हा दिला तर आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. लिव्हरच्या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नसतेच. गिल्बर्टवाल्याने तर राहूच नये.

डोस निम्मा करणारे तक्ते

डॉक्सोरुबिसिन बऱ्याच अंशी पित्तातून बाहेर जातं. पित्ताची वाट तुंबली तर औषध रक्तात रेंगाळतं आणि विषबाधा वाढते. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात तक्ता असतो: बिलिरुबिन १.२ ते ३ असेल तर डोस निम्मा, ३.१ ते ५ असेल तर पाव, ५ च्या वर असेल तर देऊ नये. यात बिलिरुबिन हे पित्ताच्या वाटेचं सोपं मोजमाप म्हणून घेतलंय. गिल्बर्टमध्ये हे मोजमाप खोटं बोलतं, कारण बिलिरुबिन वाटेत अडकलेलं नसतं, ते वाटेपर्यंत पोचायलाच उशीर करत असतं. डॉक्सोरुबिसिनला यूजीटी१ए१ लागत नाही.

आकड्यांत पाहू. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम डोस आणि शरीराचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर, म्हणजे १०२ मिलिग्रॅम. वरचा २.४ चा रिपोर्ट तक्त्यात बसवला की ५१. जो लिम्फोमा किंवा स्तनाचा कर्करोग बरा करण्यासाठी उपचार चाललेत, तिथे अर्धं औषध काढून घेणं हे सावधगिरीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे. दुष्परिणाम दिसतात, त्यामुळे त्यांची भीती वाटते. कमी डोसचं नुकसान दिसत नाही, म्हणून ते कुणाच्या खात्यावर लिहिलं जात नाही.

व्हिन्क्रिस्टिनच्या माहितीपत्रकात नीट लिहिलंय: *डायरेक्ट* बिलिरुबिन ३ च्या वर असेल तर डोस निम्मा. कुणीतरी विचार करून ‘डायरेक्ट’ हा शब्द घातलाय, आणि तक्ते एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवताना नेमका तोच गळतो. डोसेटॅक्सेलचं माहितीपत्रक अक्षरशः वाचलं तर बिलिरुबिन नॉर्मलच्या वर असलेल्या कुणालाच ते देता येणार नाही, म्हणजे गिल्बर्टवाल्याला कधीच नाही. प्रत्यक्षात औषधांच्या चाचण्यांचे प्रवेशनियम पाहिले तर बऱ्याच ठिकाणी गिल्बर्टसाठी वेगळी ओळ असते: एकूण बिलिरुबिन नॉर्मलच्या तिप्पट चालेल, किंवा डायरेक्ट नॉर्मल असलं म्हणजे झालं. ऑन्कोलॉजिस्टशी बोलताना ही ओळ उपयोगी पडते.

आता उलट बाजू. ‘गिल्बर्ट आहे’ हा शिक्का एकदा बसला की पुढची प्रत्येक कावीळ त्याच्या नावावर खपते. गिल्बर्ट असलेल्या माणसालाही पित्तनळीत गाठ येऊ शकते, यकृतात कर्करोग पसरू शकतो, औषधाने यकृताला सूज येऊ शकते. म्हणून प्रत्येक सायकलला एकूण आणि डायरेक्ट हे दोन्ही आकडे हवेत. गिल्बर्टमध्ये डायरेक्ट सहसा एकूणच्या पाचव्या भागापेक्षा कमी असतं. ते चढायला लागलं, किंवा सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्ताची वाट अडली की वाढणारी दोन एन्झाइम) वाढले, तर गिल्बर्ट विसरून सोनोग्राफी करायची. इनडायरेक्टच वाढलंय पण हिमोग्लोबिन घसरतंय, तर लाल पेशी फुटत असतील: रेटिक्युलोसाइट, एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन पाहायचं. आणि किमोच्या आधीचे, पाच-दहा वर्षांपूर्वीचे रिपोर्ट शोधून काढा. नोकरीच्या किंवा विम्याच्या मेडिकलमध्ये तेव्हाही १.८ आलेलं असेल तर अर्धं निदान तिथेच झालं.

आयरिनोटेकान: इथे मात्र सांभाळून

आयरिनोटेकान स्वतः फारसं काही करत नाही. शरीरात त्याचं एसएन-३८ होतं, आणि ते मूळ औषधाच्या शंभर ते हजार पट तीव्र असतं. एसएन-३८ निकामी करण्याचं काम यूजीटी१ए१ करतं. तेच टेबल, तीच अपुरी माणसं. गिल्बर्टमध्ये एसएन-३८ जास्त वेळ जास्त प्रमाणात फिरत राहतं. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बनणं थांबतं, आतड्याचं अस्तर सोलवटतं. त्यातून निष्क्रिय झालेलं एसएन-३८ पित्तातून आतड्यात उतरलं की तिथले जीवाणू त्याला जोडलेलं ग्लुकुरोनिक आम्ल पुन्हा तोडतात आणि औषध परत जागं होतं. उशिरा लागणाऱ्या जुलाबांचं हे एक मोठं कारण.

अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने २००५ मध्ये आयरिनोटेकानच्या माहितीपत्रकात दोन्ही प्रती *२८ असलेल्यांसाठी सुरुवातीचा डोस किमान एक पायरी कमी करावा असं घातलं. नेदरलँड्सच्या औषधतज्ज्ञांची शिफारस आणखी नेमकी आहे: नेहमीच्या ७० टक्क्यांनी सुरुवात, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टिकले तर पुढे वाढवायचं. फॉल्फिरी या किमोच्या संचात आयरिनोटेकान दर चौरस मीटरला १८० मिलिग्रॅम असतं. १.७ चौरस मीटरला ३०६ मिलिग्रॅम, त्याचे ७० टक्के म्हणजे साधारण २१४. पुढच्या सायकलला काउंट चांगले आले तर डोस चढवण्याची आठवण कुणीतरी ठेवायला हवी. एकदा कमी केलेला डोस नुसत्या सवयीने शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि मग ती वर सांगितलेलीच चूक होते.

एकच प्रत *२८ असेल तर सहसा सुरुवातीचा डोस बदलत नाहीत. पण काही प्रयोगशाळा फक्त *२८ पाहतात. पूर्व आशियात *६ हा दुसरा बदल जास्त आढळतो. *६ च्या दोन प्रती, किंवा एक *६ आणि एक *२८, यांचा परिणाम दोन *२८ सारखाच होतो. रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल तर कोणते बदल तपासले ते विचारायचं. आणि बिलिरुबिन नॉर्मल आहे म्हणून तपासणी टाळायची नाही: दोन्ही प्रती *२८ असूनही ज्यांचं बिलिरुबिन एरवी १ च्या आत राहतं, असे लोक असतात.

जुलाब दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे इलाज वेगळे आहेत. पहिल्या चोवीस तासांत, बऱ्याचदा ड्रिप चालू असतानाच, घाम, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, पोटात पिळवटून कळ आणि जुलाब: हा मज्जातंतूंवरचा परिणाम, यावर ॲट्रोपीन ०.२५ ते १ मिलिग्रॅम. चोवीस तासांनंतरचे जुलाब हे एसएन-३८ चं काम. त्यासाठी लोपेरामाइड: पहिल्या पातळ शौचाला ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, रात्री दर चार तासांनी ४, आणि सलग बारा तास जुलाब झाले नाहीत की बंद. पाकिटावर छापलेल्या कमाल मात्रेपेक्षा हे जास्त भरतं, त्यामुळे औषधाच्या दुकानात ऐनवेळी वाद होतो. हा क्रम आयरिनोटेकानसाठीच आहे, इतर कुठल्या जुलाबांना लावायचा नाही, आणि ऑन्कोलॉजिस्टच्या हातची लेखी चिठ्ठी आधीच घेऊन ठेवायची. अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे ओढायचं नाही. सोबत ताप असेल (एकदा ३८.३ अंश, किंवा तासभर ३८) तर लोपेरामाइड घेऊन घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. न्यूट्रोफिल खाली आणि आतड्याचं अस्तर उघडं, अशा वेळी जीवाणू रक्तात उतरायला एक रात्र पुरते.

आयरिनोटेकानच्या वाटेत आणखी काही औषधं आडवी येतात. ॲटाझानाविर हे एचआयव्हीचं औषध यूजीटी१ए१ अडवतं. केटोकोनाझोल एसएन-३८ वाढवतं, ते आयरिनोटेकानच्या किमान आठवडाभर आधी थांबवायचं असतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उलट काम करते, औषध लवकर संपवते, ती दोन आठवडे आधी बंद. ‘वनस्पतीच आहे’ म्हणून पेशंट तिचा उल्लेखही करत नाहीत.

आयरिनोटेकानचे नातलग आणि इतर काही औषधंही ध्यानात ठेवायला हवीत. लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेलं) आयरिनोटेकान दर दोन आठवड्यांनी दर चौरस मीटरला ७० मिलिग्रॅमच्या हिशोबाने देतात तिथे दोन्ही प्रती *२८ असतील तर ५० ने सुरुवात. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान म्हणजे प्रतिपिंडाच्या पाठीवर बसवलेलं तेच एसएन-३८. नावात कुठेही आयरिनोटेकान नाही, त्यामुळे गिल्बर्टची आठवण कुणाला होत नाही. त्याचा सुरुवातीचा डोस बदलत नाहीत, पण काउंटवर बारीक लक्ष ठेवायचं असतं. बेलिनोस्टॅट हे कर्करोगाचं औषध दोन्ही प्रती *२८ असतील तर दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅमऐवजी ७५०. निलोटिनिब आणि पाझोपानिब या कर्करोगाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी: त्या स्वतःच यूजीटी१ए१ अडवतात, त्यामुळे गिल्बर्टवाल्याचे डोळे पिवळे होतात. एसजीपीटी आणि डायरेक्ट बिलिरुबिन जागेवर असतील तर तेवढ्यासाठी गोळी बंद करण्याचं कारण नसतं.

क्रिग्लर-नज्जार हा याच एन्झाइमचा गंभीर विकार. पहिल्या प्रकारात एन्झाइम जवळपास शून्य, दुसऱ्यात दहा टक्क्यांच्या आत. तिथे आयरिनोटेकानचा विषयच काढायचा नाही.

डायरेक्ट वाढलंय, पण वाट मोकळी आहे

डुबिन-जॉन्सन आणि रोटर या दोन दुर्मिळ विकारांत उलटा घोळ होतो. इथे डायरेक्ट बिलिरुबिन वाढतं, बाकी सगळं नॉर्मल. कर्करोगाच्या पेशंटमध्ये हे दिसलं की सगळे तुंबलेली पित्तनळी शोधायला निघतात, आणि ती सापडत नाही. डुबिन-जॉन्सनमध्ये यकृताच्या पेशीतून पित्तात माल ढकलणारा एमआरपी२ हा पंप बंद असतो. रोटरमध्ये रक्तातून पेशीत माल आत घेणारी दोन दारं, ओएटीपी१बी१ आणि १बी३, दोन्ही बंद. लघवीतल्या कोप्रोपॉर्फिरिनवरून फरक कळतो: डुबिन-जॉन्सनमध्ये एकूण प्रमाण नॉर्मल, पण त्यातला ‘१’ हा प्रकार ८० टक्क्यांहून जास्त. रोटरमध्ये एकूणच वाढलेलं.

किमोच्या दृष्टीने यात डोळ्यांत तेल घालून पाहायचं औषध म्हणजे जास्त डोसचं मेथोट्रेक्सेट. ते मुख्यतः मूत्रपिंडातून जातं, पण या पंपांचा आणि दारांचाही त्यात वाटा आहे, आणि एमआरपी२ च्या जनुकातल्या बदलामुळे ते रक्तात रेंगाळल्याची नोंद आहे. अशा पेशंटमध्ये २४, ४८ आणि ७२ तासांची पातळी चुकवायची नाही, लघवीचा पीएच ७ च्या वर ठेवायचा, आणि पातळी ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत ल्युकोव्होरिन (त्याचा उतारा) चालू ठेवायचं, ‘तीन दिवस झाले’ म्हणून थांबवायचं नाही. ॲसिडिटीच्या ‘प्राझोल’ गोळ्या, वेदनाशामक, को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक यांनी मेथोट्रेक्सेट आणखी अडतं. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलही याच दारांतून यकृतात शिरतात.

लोह आणि तांबं

हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात शरीरात लोह साठतं. सर्वांत नेहमीचा प्रकार एचएफई जनुकातल्या सी२८२वाय या बदलाच्या दोन प्रती असणं. उपचार सोपा: रक्त काढायचं. एका वेळी ४५० ते ५०० मिलिलिटर, त्यातून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. आता किमो सुरू होते, हिमोग्लोबिन पडतं, रक्त काढणं थांबतं आणि उलट चढवावं लागतं. लाल पेशींच्या एका पिशवीत साधारण तेवढंच, २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. सहा पिशव्या चढवल्या की सहा वेळा काढलेलं सगळं परत आलं. म्हणून अशा पेशंटला पिशवी देताना दर वेळी ‘खरंच गरज आहे का’ हा प्रश्न विचारायचा, आणि दिलेल्या पिशव्यांची संख्या लिहून ठेवायची.

गोळीने लोह काढू म्हटलं तर डेफेरासिरॉक्स स्वतः मूत्रपिंड आणि यकृताला त्रास देऊ शकतं, पोटात रक्तस्राव करू शकतं. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा कर्करोग खूप पुढे गेलेला असेल तर ते वर्ज्य आहे. किमोच्या मध्यात ते सुरू करण्यापेक्षा किमो संपल्यावर, हिमोग्लोबिन सावरल्यावर पुन्हा रक्त काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. यकृत आणि हृदयात लोह किती साठलंय ते एमआरआयवर कळतं. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं हृदयाला जी इजा करतात तिच्यात लोहाचा हात असतो, त्यामुळे इथे इको आधी, मध्ये आणि नंतर. आणि पांढऱ्या पेशी कमी असताना लोहाने भरलेलं शरीर काही जंतूंना फार मानवतं: येर्सिनिया, लिस्टेरिया, व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कच्चे शिंपले आणि मासे बंद. रक्तवाढीची टॉनिकं आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्याही बंद, कितीही अशक्तपणा वाटला तरी.

विल्सन या आनुवंशिक आजारात तांबं साठतं, आणि इथली सर्वांत धोक्याची चूक किमोशी थेट संबंधित नाही: किमो चालू आहे म्हणून विल्सनची गोळी थांबवणं. ‘आधीच एवढी औषधं चालू आहेत, ही थोडे दिवस राहू दे’ असं घरचेच ठरवतात. पेनिसिलामाइन, ट्रायेंटीन किंवा झिंक अचानक सोडलं तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत यकृत एकदम कोसळू शकतं, आणि दोष जातो किमोला. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर तेही थांबवण्यासारखंच झालं. या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास, आणि उलटीच्या औषधांचं वेळापत्रक त्याभोवती आखावं लागतं.

पेनिसिलामाइन स्वतःही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरवतं. सायकल संपून तीन आठवडे झाले, काउंट वर येत नाहीत, किमोचा डोस कमी करायची चर्चा सुरू आहे: तेव्हा आधी पेनिसिलामाइनकडे पाहा. यकृताच्या डॉक्टरांशी बोलून ट्रायेंटीन किंवा झिंकवर जाता येतं का ते विचारता येतं. पानथरी मोठी झालेली असेल तर प्लेटलेट किमोच्या आधीपासूनच कमी असतात, म्हणून पहिल्या डोसआधीचा काउंट हीच तुलनेची रेघ. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जखम भरायला अडथळा नको म्हणून पेनिसिलामाइन कमी करतात, बंद करत नाहीत.

मेंदूवर परिणाम झालेला विल्सन असेल तर उलटीच्या औषधांची निवड फार महत्त्वाची. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन मेंदूतलं डोपामिन अडवतात. हातपाय ताठणं, मान वाकडी होणं, थरथर, हे सगळं त्यांनी उसळतं. ऑन्डॅन्सेट्रॉनच्या गटातली औषधं तिथे बरी. किमोच्या छापील प्रिस्क्रिप्शनवर ‘गरज पडल्यास मेटोक्लोप्रामाइड’ ही ओळ आपोआप आलेली असते, ती पेनाने खोडून घ्या.

या दोन्ही आजारांचं, तसंच अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या आनुवंशिक कमतरतेचं निदान किमो चालू असताना करायला गेलं की चाचण्या फसवतात. फेरिटिन (लोह साठवणारं), सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहणारं) आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन ही तिन्ही प्रथिनं शरीरात दाह किंवा कर्करोग असला की वाढतात. फेरिटिन १२०० आलं म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस नव्हे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) ४५ टक्क्यांच्या वर असेल तरच तिकडे वळायचं. उलट विल्सनमध्ये सेरुलोप्लाझमिन कमी असायला हवं ते नॉर्मल दिसतं, आणि अल्फा-१ च्या कमतरतेतही पातळी फसवी नॉर्मल येते. तिथे जनुकाची किंवा प्रथिनाच्या प्रकाराची तपासणीच खरी. अल्फा-१ मध्ये यकृताबरोबर फुप्फुसंही कमकुवत असतात, त्यामुळे फुप्फुसांना इजा करू शकणाऱ्या ब्लिओमायसिनचं नाव निघालं तर फुप्फुसांची क्षमता आधी मोजून घ्यावी.

पेशंट गोंधळलाय, आणि एसजीपीटी नॉर्मल आहे

यूरिया चक्राचे विकार यकृताच्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाहीत. प्रथिनं मोडली की अमोनिया होतो, यकृत त्याचा यूरिया करतं. या साखळीतलं ओटीसी हे एन्झाइम एक्स गुणसूत्रावर असतं. एक बिघडलेली प्रत असलेल्या बायका अनेकदा पन्नाशीपर्यंत ठणठणीत असतात, फार तर डाळी-मांस नकोसं वाटतं एवढंच. किमो त्यांच्यावर चारही बाजूंनी येते: उलट्या आणि उपाशीपोटामुळे शरीर स्वतःचे स्नायू मोडतं, स्टेरॉइड त्यात भर घालतं, ॲस्परॅजिनेज हे किमोचं औषध तर ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल तोडून थेट अमोनियाच तयार करतं, आणि ५-एफयू या किमोच्या औषधामुळेही अमोनिया चढू शकतो.

सुरुवात उलट्या, चिडचिड, विसंगत बोलणं, झोपाळूपणा, भरभर श्वास अशी होते. किमोचा थकवा, मेंदूत पसरलेला कर्करोग, आयफोस्फामाइड या किमोच्या औषधाचा परिणाम, असे दहा अंदाज होतात आणि सीटी स्कॅन नॉर्मल येतो. एक साधी तपासणी राहून जाते: रक्तातला अमोनिया. नमुना दंड घट्ट न बांधता, मूठ आवळायला न लावता घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि पंधरा मिनिटांत लॅबमध्ये पोचवायचा. ट्रेमध्ये तासभर पडून राहिलेल्या नळीत आकडा आपोआप वाढतो, आणि मग खरा वाढलेला आकडाही ‘नमुना खराब असेल’ म्हणून सोडून दिला जातो. अमोनिया खरंच चढलेला असेल तर प्रथिनं तात्पुरती बंद (चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, त्याहून जास्त नाही, नाहीतर पुन्हा स्नायूच मोडतात), १० टक्के ग्लुकोजची ड्रिप, सोडियम बेंझोएट, आणि गरज पडली तर डायलिसिस. झटके आले म्हणून व्हॅल्प्रोएट दिलं तर अमोनिया आणखी चढतो.

यकृतातल्या तीव्र पॉर्फिरियाचं (हीम बनवण्याच्या साखळीतल्या आनुवंशिक बिघाडाचं) चित्र याहून फसवं. पोटात असह्य दुखणं, बद्धकोष्ठ, हातापायांतली शक्ती जाणं, सोडियम घसरणं. ही सगळी यादी व्हिन्क्रिस्टिनच्या दुष्परिणामांशी जुळते. घरात कुणाला पॉर्फिरिया असेल तर लघवीतलं पीबीजी (त्या साखळीत अडून साठणारं द्रव्य) तपासायचं, बाटली काळ्या कागदात गुंडाळून, कारण उजेडात ते नासतं. उपाशी राहणं हाच मोठा भडका, म्हणून स्कॅनसाठी उपास असेल तेव्हा ग्लुकोज चालू ठेवायचं का ते आधी विचारावं. पीईटी स्कॅन असेल तर ते शक्य नसतं, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, बार्बिट्युरेट ही झटक्यांची औषधं चालत नाहीत. किमोत फुप्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी दिलं जाणारं को-ट्रायमोक्साझोलही नाही. हे शेवटचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते किमोचं औषध मानलं जात नाही.

५-एफयू आणि कॅपेसिटाबिन मोडणारं डीपीडी हे एन्झाइमही मुख्यतः यकृतातच काम करतं, पण ते कमी असल्याचं यकृताच्या कुठल्याच रिपोर्टवर दिसत नाही. युरोपच्या औषधनियामकाने २०२० मध्ये या औषधांआधी तपासणीची शिफारस केली. पूर्ण कमतरता असेल तर औषध द्यायचंच नाही, अर्धवट असेल तर सुरुवात साधारण निम्म्याने. जास्त विषबाधा झालीच तर युरिडीन ट्रायॲसिटेट हा उतारा शेवटच्या डोसनंतर ९६ तासांत द्यावा लागतो. फॉल्फिरी किंवा फॉल्फिरिनॉक्समध्ये ५-एफयू आणि आयरिनोटेकान दोन्ही असतात, म्हणून डीपीडी आणि यूजीटी१ए१ या दोन्ही तपासण्या एकाच नळीतून, पहिल्या सायकलच्या आधी करून घेणं सोयीचं.

कोणताही आनुवंशिक विकार सिरॉसिसपर्यंत पोचला असेल तर वरची बरीच गणितं बदलतात. तिथे बिलिरुबिन खरं बोलतं, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) त्याला दुजोरा देतात, आणि डोसचे तक्ते जसेच्या तसे लागू होतात. त्यामुळे हिमोक्रोमॅटोसिस, विल्सन किंवा अल्फा-१ असलेल्या प्रत्येकाने किमोआधी यकृत किती कडक झालंय ते फायब्रोस्कॅनवर मोजून घ्यावं.

जनुकतपासणीबद्दल एक खोच. रक्तातून तपासलेलं जनुक हे रक्ताच्या पेशींचं असतं. पेशंटचं पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर त्या नळीत दात्याचं जनुक येतं आणि यकृत मात्र पेशंटचंच असतं, तेव्हा गालाच्या आतून घेतलेला नमुनाही दात्याच्या पेशींमुळे गंडू शकतो, केसांची मुळं किंवा त्वचा जास्त भरवशाची. यकृत प्रत्यारोपण झालं असेल तर उलट: रक्तात पेशंटचं *२८ दिसेल, पण आयरिनोटेकान निकामी करणारं यकृत दुसऱ्याचं आहे. अशा वेळी फॉर्मवर ‘प्रत्यारोपण: कोणतं, कधी’ हे ठळक लिहून द्यायचं, कारण नमुना घेणारा तो प्रश्न विचारत नाही.